विश्लेषण : टेबलावरच्या अंतराळ-मोहिमांचे आजोबा कोण? एच. जी. वेल्स यांनी खेळण्यांतून जग कसे उभारले?

कामोठ्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी चार-पाच मित्र जमले आहेत, असे समजू. मधोमध षटकोनी चौकटींचा कागद, पेन्सिली, मूठभर फासे. मोबाइल बाजूला ठेवून ही मंडळी स्वतःची आकाशगंगा आखायला बसली आहेत. कोणते ग्रह, कोणाचे राज्य, कोण बंडखोर, कोण तस्कर हे सगळे त्यांनाच ठरवायचे आहे. अशा खेळाला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. पहिल्या तासाभरातच बहुतेकांची गाडी एका प्रश्नावर अडते : एवढ्या मोठ्या विश्वात सुरुवात कुठून करायची? ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. आधी स्वतःच्या गल्लीत आणि नंतर मुलांच्या खोलीतल्या जमिनीवर.

हा खेळ नेमका काय आहे?

एक जण ‘गेममास्टर’ होतो. जग त्याच्या ताब्यात असते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतात. यश मिळेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. एकच कथा आठवडेच्या आठवडे चालली की तिला ‘कॅम्पेन’ म्हणतात. ‘स्पेस ऑपेरा’ म्हणजे अंतराळयाने, साम्राज्ये, लढाया आणि थोडा प्रेमाचा मसाला असलेली कथा. हा शब्द विल्सन टकर या अमेरिकी लेखकाने १९४१ मध्ये हेटाळणीच्या सुरात वापरला होता. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आल्यावर हेटाळणी मागे पडली, नाव मात्र टिकले.

मोडलेला पाय आणि कापडाचे दुकान

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकणारे छोटे दुकान होते. धंदा जेमतेम चाले. क्रिकेटमध्ये मात्र त्यांचे नाव होते. १८६२ मध्ये केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. १८७७ मध्ये त्यांच्या मांडीचे हाड मोडले, क्रिकेट सुटले आणि घरातला पैशाचा एक मार्ग बंद झाला. आई सारा हिने पुढे ससेक्समधील अपपार्क या जमीनदारी वाड्यात घर सांभाळण्याची नोकरी धरली.

त्याआधी १८७४ मध्ये लहानग्या हर्बर्टचाही पाय मोडला होता. अंथरुणाला खिळलेल्या या मुलाच्या हाती पुस्तकांमागून पुस्तके आली आणि वाचनाची चटक लागली ती कायमची. तरीही चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याला साऊथसी येथे कापडाच्या दुकानात उमेदवारीला बसवले गेले. दिवसाला तेरा तास काम आणि इतर पोरांबरोबर सामायिक खोलीत झोप. दोन वर्षांनी तो तिथून निसटला, शाळेत शिकवत शिकला आणि १८८४ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. तिथे जीवशास्त्र शिकवायला होते डार्विनचे खंदे समर्थक टी. एच. हक्स्ले. माणूस हा सृष्टीचा मुकुटमणी नसून एक प्राणी आहे आणि इतर प्राण्यांसारखा तोही नामशेष होऊ शकतो, ही जाणीव वेल्स यांच्या पुढच्या सगळ्या लेखनात आहे. पदवी मात्र लांबली, ती १८९० मध्ये हाती आली. मधल्या काळात आजारपण, शिकवण्या, फसलेला पहिला विवाह. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाली आणि आर्थिक ओढाताण संपू लागली.

मंगळवासी वोकिंगलाच का उतरले?

१८९५ मध्येच वेल्स आणि त्यांची दुसरी पत्नी कॅथरीन (वेल्स तिला जेन म्हणत) लंडनबाहेरच्या वोकिंग गावात राहायला आले. रेल्वेमुळे वाढलेले उपनगर, भाड्याचे छोटे घर, समोरून जाणारा लोहमार्ग. हार्बर मार्गावरच्या मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकातून रोज ये-जा करणाऱ्याला हे चित्र परके वाटू नये. वेल्स नुकतीच सायकल शिकले होते. सायकलवरून फिरताना ते आजूबाजूची घरे, रस्ते, माळराने हेरून ठेवत आणि त्यांतले काय काय मंगळवासीयांच्या हातून उद्ध्वस्त करायचे ते ठरवत. परग्रहाचा पहिला सिलिंडर घराजवळच्याच हॉर्सेल कॉमन या माळावर पडतो. न्यूयॉर्क नाही, पॅरिस नाही, राजवाडा तर नाहीच. वाचकाने जिथे संध्याकाळी पाय मोकळे केले असतील तीच जागा.

‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७ मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने. कल्पनेचा उगम भाऊ फ्रँक याच्याशी झालेल्या गप्पांत होता. विषय होता टास्मानिया. त्या बेटावरच्या मूळ रहिवाशांची युरोपीय वसाहतवाल्यांनी कशी वाताहत केली, यावरून बोलणे निघाले आणि असेच कोणी आकाशातून इंग्लंडवर उतरले तर, असा प्रश्न पुढे आला. साम्राज्य ऐन भरात असताना ब्रिटिश वाचकाला जिंकल्या गेलेल्यांच्या जागी उभे करणारी ही कादंबरी होती. मंगळवासी शेवटी तोफांनी नव्हे, तर पृथ्वीवरच्या साध्या जंतूंनी मरतात. हक्स्लेंच्या विद्यार्थ्याला हेच सुचणार!

स्वतःचे विश्व रचणाऱ्यांसाठी वेल्स यांची रीत इथे दिसते. अद्भुत गोष्ट एकच घ्यायची, बाकी सगळे ओळखीचे ठेवायचे आणि त्या एका गोष्टीचे परिणाम काटेकोरपणे ओढत न्यायचे. १९०१ च्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ आहे, बाकीची कथा त्यातून उलगडते. १९३८ मध्ये ऑर्सन वेल्स यांनी ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ अमेरिकी रेडिओवर आणली तेव्हा मंगळवासी न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात उतरवले. काही श्रोत्यांना ती खरी बातमी वाटली. घबराटीच्या कहाण्या पुढे पुष्कळ फुगवल्या गेल्या, पण गाव बदलण्याचा निर्णय अचूक होता.

जमिनीवरची बेटे आणि दोन महापौर

वेल्स आणि जेन यांना दोन मुलगे. जॉर्ज फिलिप ऊर्फ जिप १९०१ चा, फ्रँक १९०३ चा. या पोरांबरोबर जमिनीवर मांडी घालून खेळताना जे सुचले ते त्यांनी १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ या छोट्या पुस्तकात लिहिले. खोलीची जमीन म्हणजे समुद्र, त्यावर ठेवलेल्या फळ्या म्हणजे बेटे. बागेतल्या डहाळ्यांची झाडे, लाकडी ठोकळ्यांची घरे, कथलाचे शिपाई, खेळण्यातली रेल्वे. दुसरा खेळ नगरे वसवण्याचा. नगरे नेहमी जोडीनेच उभारली जात, कारण दोन्ही पोरांना महापौर व्हायचे असे. मग हद्दी ठरायच्या, रेल्वे कोणाच्या भागातून जाणार यावर वाटाघाटी व्हायच्या. पात्र घेऊन जगात शिरण्याची गंमत इथे स्पष्ट दिसते. फासे नाहीत, गुण नाहीत, पण दोन महापौर आहेत आणि त्यांचे भांडण आहे.

या पुस्तकात एक विसंगतीही आहे. टास्मानियाच्या आठवणीतून मंगळवासी घडवणारा लेखक मुलांबरोबर बेटांवर उतरताना झेंडे रोवतो, रहिवाशांना अंकित करतो आणि त्यांना सुधारणेचे वरदान देतो. त्यात थट्टेचा सूर आहे हे खरे, पण खेळ तर तोच आहे. सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली काही मानवसमूहांना हलके लेखणारे विचारही त्यांनी ‘अँटिसिपेशन्स’ या १९०१ च्या पुस्तकात मांडले होते. वेल्स यांची थोरवी सांगताना हे गाळून चालत नाही.

‘लिटल वॉर्स’मध्ये काय होते?

जेवणानंतर एकदा ‘थ्री मेन इन अ बोट’चे लेखक जेरोम के. जेरोम यांनी स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने कथलाचे शिपाई पाडायला सुरुवात केली. त्यातून पैज लागली, पैजेतून नियम आले आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट. तोफ डागायला जवळ पुरेसे शिपाई हवेत. मांडणी करताना मधे पडदा, म्हणजे शत्रूचा डाव कळू नये. चालीला वेळेची मर्यादा. नेम मात्र खराच धरायचा, तोफेतून सुटलेला लाकडी तुकडा ज्याला पाडेल तो मेला. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकापासून ‘क्रीगस्पील’ नावाचा युद्धखेळ प्रशिक्षणासाठी चालत होताच. वेल्स यांनी अशा खेळाला घरात, सामान्य माणसाच्या हाती आणले. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात खेळायची मुभा सर्व वयांच्या मुलग्यांना आहे, मुलींपैकी मात्र फक्त हुशार निवडकांना. त्या काळाची ही शेखी आज वाचताना हसूच येते.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतात. खेळातल्या लढाईतसुद्धा किती घोळ होतात हे पाहिलेल्याला खरे युद्ध केवढा मूर्खपणा असेल ते कळावे, असा त्यांचा मुद्दा होता. ज्यांना लढण्याची खुमखुमी आहे त्यांना एका खोलीत खेळणी देऊन बसवावे, बाकीच्यांना जगू द्यावे.

वर्षभरात महायुद्ध पेटले.

वेल्स यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीविरुद्धच्या लढाईचे समर्थन केले. हे युद्ध युद्धेच संपवील अशा आशयाचे त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक पुढे उपहासाने वापरले जाऊ लागले. त्याच वर्षी आलेल्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी अणुबॉम्ब कल्पिला. १९३२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती वाचली आणि पुढच्या वर्षी त्यांना अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमाची बातमी वेल्स यांनी जिवंतपणी ऐकली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

खेळण्यांपासून अंतराळापर्यंत

‘फ्लोअर गेम्स’ वाचलेल्या बालमानसतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी लंडनच्या आपल्या दवाखान्यात मुलांना वाळूचे ताट आणि छोटी खेळणी दिली. शब्दांत न सांगता येणारे मुले तिथे मांडून दाखवू लागली. त्यातून उपचाराची एक पद्धतच उभी राहिली.

दुसरी वाट खेळाडूंची. कथलाच्या शिपायांचे खेळ अमेरिकेत रुजले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. त्यात खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र आले. ‘लिटल वॉर्स’च्या २००४ मधील एका आवृत्तीला गायगॅक्स यांनी प्रस्तावना लिहिली. अंतराळाचा टप्पा गाठला तो मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने, १९७७ मध्ये. तीन छोट्या काळ्या पुस्तिका, आणि सुरुवातीला त्यांत तयार विश्व जवळपास नव्हतेच. ते कसे बनवायचे याची रीत होती.

आठ गुणिले दहा षटकोनांचा कागद घ्यायचा. प्रत्येक षटकोनासाठी फासा टाकायचा. चार, पाच किंवा सहा पडले तर तिथे वस्तीचे जग आहे. मग त्या जगाचे अवकाशबंदर कोणत्या दर्जाचे, ग्रह केवढा, हवा कशी, पाणी किती, लोकसंख्या किती, सत्ता कोणाची, कायदा किती कडक हे एकेका फेकीत ठरवायचे. फासे विचित्र उत्तरे देतात. हवा विषारी आणि लोकसंख्या अब्जावधी! इतके लोक तिथे का राहतात, याचे कारण शोधताना कथा तयार होते. आणखी एक हुशारी : या विश्वात बातमी यानापेक्षा वेगाने जात नाही आणि एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारायला आठवडा लागतो. म्हणजे राजधानीचा हुकूम सीमेवर पोचेपर्यंत तिथले अधिकारी आपल्या मर्जीचे मालक.

कामोठ्यातला कागद

आता कामोठ्यातल्या त्या टेबलाकडे येऊ. वेल्स यांच्या रीतीने गेले तर पहिला षटकोन घराबाहेरच सापडतो. सेक्टरांनी आखलेली वसाहत, कडेने जाणारा शीव-पनवेल महामार्ग, खाडी. जवळच टेकडी सपाट करून आणि नदी वळवून उभारलेला, २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ. अवकाशबंदराचा नमुना याहून चांगला कुठे मिळणार? सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबई कागदावर आधी आखली गेली, जमिनीवर नंतर आली, आणि जिथे आली तिथे ९५ गावांची भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे होते. कामोठे गावही सेक्टरांच्या आधीचे. साडेबारा टक्के भूखंड कसे मिळाले, १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जणांचा बळी का गेला, हे इथल्या घराघरांत सांगितले जाते. नव्या ग्रहावर बंदर बांधायला निघालेल्या कंपनीचे यान, तिथले जुने रहिवासी, नकाशावर रेघ ओढणारा अधिकारी आणि मोबदल्याच्या कागदासाठी खेपा घालणारे कुटुंब. चार खेळाडूंना चार पात्रे मिळाली. कोणी कोणते घ्यायचे यावरून पहिला वाद टेबलावरच होईल, जिप आणि फ्रँक यांच्या महापौरकीसारखा.

वोकिंगमध्ये मात्र या लेखकाची आठवण भर बाजारपेठेत उभी आहे. तीन लांब पायांवर तोललेले, सुमारे सात मीटर उंचीचे मंगळवासीयांचे लखलखीत धातूचे यंत्र. कादंबरीला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९८ मध्ये ते बसवले गेले. खाली पादचारी रस्ता आहे, लोक पिशव्या घेऊन त्याच्या शेजारून स्थानकाकडे जातात.