पद मिटवण्यासाठी पदावर

सत्ता हाती आली की ती टिकवणे हाच माणसाचा पहिला हेतू होऊन बसतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे चरित्र या अनुभवाला एका ठिकाणी छेद देते आणि दुसऱ्या ठिकाणी दुजोरा देते.

पेडणे तालुक्यात १९११ साली जन्मलेल्या भाऊसाहेबांनी राजकारणात येण्यापूर्वीच खाण व्यवसायात संपत्ती मिळवली होती. त्यांच्या दातृत्वाची ख्यातीही गावोगावी पोहोचली होती. त्यामुळे पैसा आणि मान यांसाठी त्यांना खुर्चीची गरज नव्हती. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी झाला. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते. तरीही मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे चालत आले.

पक्षाचे ध्येय होते गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. ते साध्य झाले असते, तर गोव्याची विधानसभा आणि मुख्यमंत्रिपद दोन्ही संपुष्टात आली असती. स्वतःचेच पद मिटवण्यासाठी सत्ता राबवणारा नेता विरळाच. त्यांचे सरकार सत्तेवर असताना जनमत कौल निःपक्षपाती होणार नाही, अशी हरकत विरोधी युनायटेड गोवन्स पक्षाने घेतली, तेव्हा डिसेंबर १९६६ मध्ये ते पायउतार झाले.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. आयुष्याचे राजकीय ध्येय ३४,०२१ मतांनी हरले. मात्र काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याला त्यांचा कारभार हवा होता. कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कायदा आणि खेडोपाडी उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा यांनी बहुजन समाजाच्या घरात हा विश्वास रुजवला होता. ध्येय हरल्यावर हीच कामे त्यांच्या सत्तेचे प्रयोजन ठरली.

सत्तेची दुसरी बाजूही त्यांना चुकली नाही. पक्ष आणि सरकार एकाच व्यक्तीभोवती फिरू लागले. निर्णय त्वरेने होत, पण सहकाऱ्यांच्या मताला वाव कमी उरला. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड पुकारले. सरकार तरले, तथापि लोकांच्या प्रेमाची सवय झालेल्या नेत्याला जवळच्यांची नाराजी उशिरा दिसते, हे त्यातून उघड झाले.

१९७२ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा कौल दिला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. जे पद मिटवण्यासाठी भाऊसाहेब सत्तेत आले होते, ते त्यांच्याच कारकिर्दीत इतके भक्कम झाले की पुढे विलीनीकरणाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला नाही.