चाल देणारे गुरू : कै. भास्करबुवा बखले

हादग्याच्या फेरात किंवा मंगळागौरीच्या जागरणात आपल्यापैकी कितीजणींनी जुन्या चालीवर नवे शब्द बसवले असतील, त्याची गणती नाही. चाल आजीची, शब्द आपले. एखाद्या ठिकाणी अक्षर जास्त झाले की गळा अडखळतो, मग आपण तो शब्द काढून दुसरा घालतो. मराठी संगीत नाटकातील गाजलेली पदेही पुष्कळशी याच रीतीने जन्माला आली, हे सांगितले तर काही भगिनींना नवल वाटेल. ही पदे रचणारे, त्यांना चाली लावणारे आणि ती गाणारे लोक ज्या एका माणसाच्या पायाशी बसून तयार झाले, त्या भास्करबुवा बखले यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात सांगावे, असे मनात आहे.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी कठोर या गावी झाला. हे गाव सुरतेजवळचे, त्या वेळच्या बडोदे संस्थानातले. म्हणजे आपल्या सुरगाण्याहून पाहिले तर डांगाचे रान ओलांडून पलीकडे उतरले की आलेच. घरची गरिबी होती. मुलाचा आवाज मात्र देवाने दिलेला. शिक्षणासाठी तो बडोद्यास आला. तिथे संस्कृताचे धडे चालले होते आणि विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांकडे गाण्याचेही. उस्ताद मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा काढली होती, तिचाही लाभ त्याला मिळाला. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीची नजर या गोड गळ्याच्या मुलावर पडली आणि भास्कर नाटकात गेला.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लागले होते. युरोपात ऑपेरा म्हणून जो प्रकार आहे, त्याचे हे आपले भावंड म्हणावे. फरक इतकाच की तिकडे सगळे नाटकच गाऊन करतात, आपल्याकडे गद्य बोलता बोलता पद येते. दुसराही एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा. तिकडे बहुधा कवी आधी शब्द लिहितो, मग संगीतकार त्यांना स्वर देतो. आपल्याकडे पुष्कळदा चाल आधी ठरते आणि नाटककार तिच्या मापाने शब्द कापतो. म्हणून चाल देणाऱ्याच्या अंगी केवळ गाणे असून भागत नाही. लिहिणाऱ्याला वळण लावण्याचेही काम त्याच्याकडे येते.

‘रामराज्यवियोग’ नाटकात भास्कराने कैकेयीचे काम केले आणि त्याच्या पदांचा बोलबाला झाला. इंदुरास मुक्काम असताना थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले आणि ते इतके प्रसन्न झाले की आपण होऊन त्याला गंडा बांधला. असे भाग्य नाटकातल्या पोराला त्या काळी क्वचितच लाभे. पण थोड्याच दिवसांत वय वाढले आणि आवाज फुटला. काल ज्याच्या पदाला टाळ्या पडत होत्या, त्याला आज कोणी विचारीना. स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलांच्या नशिबी हे ठरलेलेच असे, आणि बहुतेक मुले तेवढ्यावरच संपून जात. भास्कर संपला नाही. नाटक सोडून तो गाणे शिकायला निघाला.

पुढची कित्येक वर्षे त्याने विद्यार्थी म्हणूनच काढली. बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेरची गायकी, मग आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आणि शेवटी जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ. एका घराण्याचा माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहणे हेच तेव्हा कठीण. गुरूच्या घरची पडतील ती कामे करावी आणि त्यांची मर्जी लागेल तेव्हा चार स्वर पदरात पडावे, असा तो शिरस्ता होता. चांगली चीज तर उस्ताद लोक पोटच्या मुलासाठी राखून ठेवीत. बुवांनी मात्र तिन्ही घरांतून विद्या मिळवली. स्वतः नावारूपास आल्यावरही ते अल्लादिया खाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसत. याच सुमारास काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरीही त्यांनी केली. पंजाबात जालंदरच्या संगीतमेळ्यापर्यंत त्यांच्या गाण्याची कीर्ती गेली होती.

एवढ्या कष्टाने मिळवलेले धन माणूस सहसा तिजोरीत ठेवतो. बुवांनी ते उघड्या ओटीवर मांडले. मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. १९११ साली त्यांनी पुण्यात किर्लोस्कर मंडळीच्या साहाय्याने ‘किर्लोस्कर भारत गायन समाज’ स्थापन केला. तोच पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्ध झाला. उस्तादाच्या घरी हुक्का भरल्यावाचून, ठरल्या वेळी यावे, शिकावे आणि जावे, ही सोय सामान्य घरच्या मुलांना झाली.

आता त्यांच्या शिष्यांकडे वळू. गोविंदराव टेंबे कोल्हापूरकडचे, हार्मोनियमवर विलक्षण हात. बुवांच्या मैफलींत साथ करता करता त्यांनी ती गायकी कानांनी टिपली आणि बुवांना गुरू मानले. पेटीवर साथ करणाऱ्याला गवयाचा पुढचा स्वर ओळखावा लागतो. टेंब्यांचे शिक्षण असे चालू मैफलीतच झाले. १९११ च्या मार्च महिन्यात मुंबईत काकासाहेब खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले, त्याच्या चाली टेंब्यांच्या. ते पेटीवर चाल वाजवीत आणि खाडिलकर तीवर शब्द बसवीत. खाडिलकर पडले ‘केसरी’तले जहाल लेखक, गद्य नाटकांत मुरलेले. त्यांना पद रचण्याचे वळण या पेटीने लावले, असे म्हटले तर त्यांचा अवमान होऊ नये.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे लवकरच तिथून बाहेर पडले. मग १९१६ च्या डिसेंबरात आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चालींची जबाबदारी खुद्द बुवांनी घेतली. कैकेयीचे काम गेल्यावर रिकाम्या हाताने नाटक सोडून गेलेला मुलगा गुरू होऊन परत आला, तो असा!

बुवांनी केले काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मैफलीत जो ख्याल तासभर चालतो, त्यातली बंदिश घ्यायची आणि पाच-सात मिनिटांच्या पदात रागाचे रूप उभे करायचे. त्यासाठी मुखडाच असा निवडायचा की पहिल्या ओळीत राग ओळखू यावा. लिहिणाऱ्यालाही काही पथ्ये पाळावी लागत. जोडाक्षरांची गर्दी झाली की तान अडते. समेवर येणारा शब्द दुबळा असला तर सम फुकट जाते. लांबवायच्या स्वराखाली आकार, ईकार मोकळा हवा. आणि रुक्मिणी लाजून गाते आहे की रागाने, हे चालीलाही कळले पाहिजे. ‘स्वयंवरा’तली रुक्मिणीची पदे अजूनही मैफलींत गातात, ती या मेहनतीमुळे.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही आहे. खानदानी चिजा नाटकात आल्या म्हणून गवयांनी नाके मुरडली आणि पदांचा पूर येऊन नाटक बुडाले म्हणून नाट्यरसिकांनी. दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. वन्समोअरच्या पायी रात्र सरून पहाट होई आणि कथानक तिथेच उभे असे. पण पहिल्या तक्रारीबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. राजवाड्यांत आणि दिवाणखान्यांत कोंडलेले गाणे चार आण्यांच्या तिकिटावाल्याच्या कानी पडले आणि तिथून घराघरांतल्या बायकांच्या ओठी आले. ज्या काळी कुलीन घरच्या मुलीने गाणे शिकणे हाच डाग समजत, त्या काळी ही पदे स्वयंपाकघरात गुणगुणली जात होती.

बायकांचा विषय निघालाच आहे म्हणून हिराबाई पेडणेकरांचे नाव घेते. सावंतवाडीकडच्या, कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या. गाणे त्या भास्करबुवांकडे शिकल्या आणि लेखनाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे उत्तेजन मिळाले. त्यांनी आधी ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले आणि मग ‘संगीत दामिनी’. हे नाटक १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. स्वर आणि शब्द दोन्ही ज्यांच्या हाती होते अशा या बाईंना तिसरे नाटक मात्र लिहिता आले नाही. विद्या देणारे गुरू त्यांना भेटले, पण बाईने लिहिलेले मनापासून मानणारा समाज तेव्हा नव्हता. मुंबई सोडून त्या गुहागरजवळच्या पालशेत गावी जाऊन राहिल्या आणि १९५१ साली वारल्या. पुढे १९७६ मध्ये वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावर ‘कस्तुरीमृग’ लिहिले, तेव्हा लोकांना त्यांची आठवण झाली. ‘एकच प्याला’ नाटकाच्या कित्येक पदांना सुंदराबाईंच्या चाली आहेत, हेही किती जणांना ठाऊक असते?

बुवांचा सर्वांत लाडका शिष्य म्हणजे कृष्णराव फुलंब्रीकर. आळंदीस १८९८ साली जन्मलेला हा मुलगाही नाटकातून आलेला. १९११ च्या सुमारास तो बुवांच्या हाती लागला. आपल्या बाळपणीची कथा या मुलात बुवांना दिसली असेल काय? ते आपण कसे सांगावे! एवढे खरे की त्याचा आवाज फुटण्याच्या वयात त्याच्या पाठीशी गुरू होता. मैफलीत बुवा त्याला मागे गायला बसवीत, आपल्या तानेला उत्तर द्यायला लावीत, नाटकाच्या तालमीत चाली बसवून घेण्याचे काम सांगीत. आपल्याकडे पावरी शिकणारा पोरगा जसा जाणत्या वाजवणाऱ्याच्या मागे नाचात फिरतो आणि एक दिवस पावरी त्याच्या हाती येते, तसेच ते. १९२० च्या ‘द्रौपदी’ नाटकाच्या चाली बुवांनी दिल्या. नाटकासाठी त्यांनी केलेले हे अखेरचे मोठे काम.

८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात बुवांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ज्यांच्या गळ्याने बडे बडे उस्ताद डोलले, तो गळा ऐकण्याचा आज काहीही उपाय नाही. शिष्यांना हातचे राखून शिकवले असते तर त्या दिवशी सारेच चितेवर गेले असते.

तसे झाले नाही. गंधर्व मंडळीच्या नव्या नाटकांना चाली कोण देणार, हा प्रश्न पडला तेव्हा चोवीस वर्षांचे कृष्णराव तयार होते. १९२६ चे ‘मेनका’, १९३१ चे ‘कान्होपात्रा’, पुढे प्रभात कंपनीचे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे बोलपट, १९४२ साली नाट्यनिकेतनचे ‘कुलवधू’, या सर्वांचे संगीत त्यांचे. ‘कुलवधू’ची पदे ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी गायिली, म्हणजे बाईचे पद अखेर बाईच्याच तोंडी आले. गोविंदराव टेंब्यांनी १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला संगीत दिले, त्यात कामही केले आणि पुढे ‘जयदेव’, ‘महाश्वेता’ अशा संगीतिकाही रचल्या. ऑपेऱ्याच्या धर्तीवर मराठीत असे काही होऊ शकते, हे त्यांनी करून पाहिले. भारत गायन समाजाचा भार पुष्कळ वर्षे मास्तर कृष्णरावांनी वाहिला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी बंदिशी स्वरलिपीसह छापून ‘रागसंग्रह’ या नावाने सात भागांत प्रसिद्ध केल्या. जी चीज एका काळी उस्ताद जावयालाही देत नसत, ती पुस्तकात आली आणि ज्याला हवी त्याने शिकावी अशी झाली.