बुरख्यावर बंदी घालणारा इराणचा शहा, ज्याच्या हुकुमाने बायका घरातच अडकल्या

इराण म्हटलं की हिजाबची सक्ती आठवते. पण याच देशात एकेकाळी बाईने डोकं झाकलं म्हणून पोलीस तिला अडवायचे. तो हुकूम काढणारा होता रझा शाह पहलवी.

जन्म १८७८ चा, माझंदरान प्रांतातल्या आलाश्त या डोंगराळ गावातला. वडील तो तान्हा असतानाच गेले. पोरवयात कोसॅक ब्रिगेडमध्ये भरती झाला आणि चढत गेला. फेब्रुवारी १९२१ मध्ये सैन्य घेऊन तेहरान ताब्यात घेतलं, १९२३ ला पंतप्रधान आणि १९२५ ला थेट शहा!

त्याला देश झटपट आधुनिक करायचा होता. रेल्वे, विद्यापीठ आणि सोबत कपडेसुद्धा. आधी पुरुषांचा नंबर लागला, १९२८ च्या कायद्याने टोपी ठरवून दिली. १९३४ मध्ये तो तुर्कस्तानात अतातुर्कचा कारभार बघून आला. पुढच्याच वर्षी युरोपियन हॅटच्या सक्तीविरोधात मशहदच्या गोहरशाद मशिदीत लोक जमले, तेव्हा सैन्याने गोळ्या झाडल्या.

मग ८ जानेवारी १९३६. तेहरानच्या अध्यापक महाविद्यालयातल्या समारंभाला राणी आणि दोन राजकन्या चादोर न घेता आल्या. त्यानंतर नकाब, चादोर, डोक्यावरचा रुमाल, सगळ्यावर बंदी. पोलीस भररस्त्यात चादोर खेचून काढायचे.

काही शिकलेल्या बायकांना यातून खरंच वाट मिळाली, विद्यापीठाची दारंही उघडली. पण जिने जन्मभर चादोर घेतला, तिच्यासाठी त्याशिवाय बाहेर पडणं म्हणजे उघड्या अंगाने फिरणं. तिने उंबरठाच ओलांडला नाही. आता अडचण अशी की बहुतेक घरांत न्हाणीघर नसायचं, अंघोळीला सार्वजनिक हमामात जावं लागायचं. मग पोलिसांना चुकवत गच्च्यांवरून जायचं. काही घरांनी मुलींच्या शाळा बंद केल्या.

गंमत म्हणजे, बायकांना मोकळं करायला निघालेल्या या शहाने त्यांच्या स्वतंत्र संघटना मोडीत काढल्या. मताचा अधिकारही दिला नाही. तो मिळाला १९६३ मध्ये, त्याच्या मुलाच्या काळात.

१९४१ मध्ये ब्रिटिश आणि रशियन फौजा घुसल्या, गादी सोडावी लागली. त्याला नेणारं जहाज मुंबईला आलं, पण ब्रिटिशांनी उतरू दिलं नाही. मॉरिशसमार्गे तो जोहान्सबर्गला पोहोचला आणि १९४४ मध्ये तिथेच वारला.

इकडे तो जाताच सक्ती ढिली पडली. अनेक बायकांनी पेटीतला चादोर पुन्हा बाहेर काढला, काहींनी नाही काढला.