रोजगार हमीचे जनक : वि. स. पागे

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी ‘रोजगार हमी योजना’ हे शब्द फळ्यावर लिहिले, तेव्हा मला पुस्तकातले काही आठवले नाही. आठवली ती माझ्या आईची आई. मोताळा तालुक्यातल्या आपल्या गावाजवळ पाझर तलावाच्या कामावर तिने कितीतरी उन्हाळे टोपल्याने माती वाहिली. माझी आई तेव्हा तान्ही होती. बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून आजी तिला तिथेच निजवी. त्या कामामागे कोणा एका माणसाची तळमळ होती, हे आजीला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. म्हणून हा लेख.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी सांगली जिल्ह्यातील बागणी या गावी झाला. वकिलीचे शिक्षण घेऊनही ते गांधीजींच्या मार्गाने गेले. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने दुसऱ्यांचे ऐकून घ्यायचे असते. पण सभागृहात ज्यांचा आवाज पोचत नाही, अशा मजुरांचेही या सभापतींनी ऐकले.

त्यांची एक गोष्ट सांगतात. तासगाव तालुक्यातील विसापूरला असताना त्यांनी पत्नीजवळ हिशेब मांडला, की ठरावीक रक्कम हाती असेल तर तेवढ्यात किती मजुरांना किती दिवस काम देता येईल? या घरगुती हिशेबातून त्यांना योजना सुचली आणि त्यांनी ती मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने कळविली. १९६५ मध्ये तासगाव भागात तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा भयंकर दुष्काळ आला. लाखो माणसे खडी फोडायला आणि माती खणायला रस्त्यावर आली. मागेल त्याला काम दिले पाहिजे, ही गोष्ट तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला पटली.

दुष्काळी काम ही सरकारची दया असते. पाऊस पडला की ती आटते, तिजोरीत खडखडाट झाला की थांबते. पागे यांना दया नको होती, हक्क हवा होता. आणि हक्काला स्वतःचा पैसा लागतो. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांकडून आणि व्यापाऱ्यांकडून हा कर घ्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ती रचना होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यात रोजगार हमी निधी स्थापन झाला. ठरवून दिलेल्या करांचे उत्पन्न आणि तेवढीच भर सरकारची, असा हा निधी केवळ याच कामासाठी होता. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते दिले नाही, तर बेकारभत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. बाई आणि पुरुष यांच्या मजुरीचे दरही सारखेच.

कामावर पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावे, असेही या योजनेत होते. आजीला याविषयी विचारले. ती म्हणते, की काही दिवस एका म्हाताऱ्या बाईचे नाव मुले सांभाळण्यासाठी हजेरीपटावर घातले होते. नंतर ते कोणीतरी काढले. मग जिची पोर रडे तीच टोपले ठेवून धावे आणि मुकादम बोलणी देई. मजुरीचे पैसेही कधी कधी महिनाभर उशिरा मिळत. तरीही आजी त्या कामाला नावे ठेवत नाही. त्या कामामुळे गाव सोडून ऊसतोडीला जावे लागले नाही आणि माझ्या आईला सातवीपर्यंत शिकता आले, हे ती आवर्जून सांगते. मला वाटते, पागे यांच्या कायद्याचे मोल याहून वेगळ्या मापाने मोजता येणार नाही. आणि जिथे तो कमी पडला, तिथे दोष कायद्याचा नव्हता, तो राबविणाऱ्यांचा होता.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. २००५ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता. सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमावी, असे त्या कायद्यात लिहिले होते. हे वाचताना मला ती बाभळीची झोळी दिसली.

आमच्या प्राध्यापकांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. त्या काळी असाच कापलेला रुपया माझ्या आजीच्या पदरात पडला होता, हे त्यांना सांगावेसे वाटते. प्राचार्यांना एक नम्र विनंती आहे : येत्या २१ जुलैला आपल्या महाविद्यालयात पागे यांची जयंती साजरी व्हावी. त्या दिवशी आजीला घेऊन यायची जबाबदारी माझी.

— बी. ए. भाग दोन