पक्ष्यांचे मित्र डॉ. सालिम अली

आपल्या महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मामांनी त्यांना वाढवले. ते साधारण माझ्याएवढे, म्हणजे दहा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यांनी कधी बघितली नव्हती. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी ती ओळखली आणि पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तेव्हापासून त्यांना पक्ष्यांचा नाद लागला.

१९३० साली त्यांना नोकरी नव्हती. तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे त्यांनी सुगरण पक्षी रोज बघितले. नर खोपा विणतो. मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच राहते. खोपा फांदीच्या टोकाला लोंबतो, म्हणून सापाला तिथे जाणे कठीण पडते.

१९४१ साली त्यांचे भारतातल्या पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. १९५९ पासून त्यांनी पक्ष्यांच्या पायात हलके वाळे घालून सोडायचे मोठे काम सुरू केले. वाळ्यावर नंबर असतो. असा पक्षी दूर सापडला की तो कुठून कुठे गेला ते कळते. थंडीत काही पक्षी पार सैबेरियातून येतात. तिकडे बर्फ पडतो आणि खायला मिळत नाही, म्हणून ते जीव वाचवायला एवढे उडतात. १९७६ साली सालिम अलींना पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते वारले.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्याकडे पण बेचकी होती. मे महिन्यात मी खाडीकडच्या माळावर गेलो. एक टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. मी तिच्यावर नेम धरला. तेवढ्यात पायाजवळ बघितलं तर चार अंडी! मातीसारखी, वर काळे ठिपके. अगदी दगडच वाटत होती. अजून एक पाऊल टाकलं असतं तर फुटली असती. मी हळूच मागे फिरलो. घरी येऊन बेचकीचे रबर काढून टाकले.

टिटवीची अंडी रंगामुळे लपतात. पण भरावाची माती टाकणार्‍या गाडीला ती कशी दिसणार? आपल्या उलव्याच्या आसपास खूप भराव झाला, इमारती झाल्या, विमानतळ पण झाला. एवढ्या लांबून येणार्‍या पक्ष्यांना उतरायला थोडा तरी चिखल राहू दे, असे मला वाटते.

तुम्ही पण माळावर जाताना खाली बघून चाला. कोणाकडे बेचकी असेल तर त्याला ही चिमणीची गोष्ट नक्की सांगा.

इयत्ता चौथी