विश्लेषण : इंजिन बंद पडले तरी अलगद उतरता येते? सिएर्वा यांच्या फिरत्या पात्यांची गोष्ट

रिमोटवर उडणारे स्वस्तातले हेलिकॉप्टर आणि शौकिनांचे महागडे हेलिकॉप्टर यांत मुख्य फरक असतो पात्यांच्या कोनाचा, म्हणजे ‘पिच’चा. स्वस्तातल्यात तो कायमचा ठरलेला (फिक्स्ड पिच), तर महागड्यात उडतानाही बदलता येणारा (कलेक्टिव्ह पिच). मोटर बंद पडल्यास यंत्र आपटणार की अलगद उतरणार, हे बऱ्याच अंशी यावर ठरते. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी स्पेनचे अभियंता हुआन दे ला सिएर्वा यांना पडला होता.

अपघातातून सुरुवात

सिएर्वा यांचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी मुर्सिया येथे झाला. १९१९ मध्ये त्यांचे तीन इंजिनांचे विमान चाचणीत वेग कमी पडल्याने कोसळले. वेग घटला तरी तोलून धरणारे पंख हवेत, तर पंखच फिरते का नकोत, असा विचार त्यांनी केला. त्यातून ‘ऑटोजायरो’ आला. त्यात इंजिन फक्त पुढचा पंखा फिरवते. डोक्यावरची पाती वाऱ्यानेच फिरत राहतात.

छोट्या प्रतिकृतीने दिले उत्तर

सुरुवातीची यंत्रे एका बाजूला कलंडत. रबराच्या पिळावर उडणारी प्रतिकृती मात्र सरळ उडे, कारण तिची पाती लवचीक होती. पुढे जाताना एका बाजूच्या पात्याला वारा जास्त लागतो आणि उचलही जास्त मिळते. लवचीक पाते वर झुकून हा फरक जिरवते. हे ओळखून सिएर्वा यांनी मोठ्या यंत्राच्या पात्यांना मुळाशी बिजागरी बसवली.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्यांचे ‘सी-४’ उडाले. काही दिवसांतच हवेत इंजिन बंद पडले, तरी ते सुखरूप उतरले. १९२८ मध्ये सिएर्वा यांनी ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी ओलांडली.

कोन बदलला की काय होते?

ऑटोजायरोला उड्डाणासाठी धाव घ्यावी लागे. १९३० च्या दशकात त्यावर उपाय निघाला. जमिनीवर पाती सपाट ठेवून वेगाने फिरवायची, मग सगळ्यांचा कोन एकदम वाढवायचा; यंत्र जागेवरूनच उसळी घेई. सर्व पात्यांचा कोन एकत्र बदलण्याची कल्पना राऊल पेस्कारा यांनी आधीच हेलिकॉप्टरवर आजमावली होती.

आजच्या मॉडेलमध्येही तेच तत्त्व आहे. फिक्स्ड पिचमध्ये वर जायला मोटरचा वेग वाढवावा लागतो. मोटर थांबली की उचल संपते. कलेक्टिव्हमध्ये वेग जवळपास तोच राहतो, कोन बदलतो. कोन उलटा करून हेलिकॉप्टर पाठीवरही उडवता येते. मोटर बंद पडल्यास कोन घटवून पाती वाऱ्यावर फिरत ठेवायची आणि जमिनीजवळ कोन वाढवून अलगद टेकायचे.

चटका लावणारा शेवट

९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून दाट धुक्यात निघालेले प्रवासी विमान घरांवर आदळले. मृतांत ४१ वर्षांचे सिएर्वा होते. ते विमान नेहमीच्या स्थिर पंखांचे होते. त्यांची बिजागरी पुढे हेलिकॉप्टरांनी उचलली.