खाशाबांची तोड

गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यांत आपला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, हे काही वाचकांच्या लक्षात असेल. नसेल तर बरेच आहे. त्या सामन्यात ज्या खेळाडूला अडवण्याचे काम माझ्याकडे होते, त्याने एकट्याने आमच्यावर 22 गुण चढवले. तो दर वेळी माझ्या डाव्या बाजूने निघून जाई आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राही. एकदा तर त्याने चेंडू बास्केटमध्ये टाकून वळून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. ते 2 गुण मला बाकीच्या 20 गुणांपेक्षा जास्त लागले.

परतीच्या एस.टी.त वाद रंगला. आमच्यातल्या एका मित्राचे ठाम मत पडले की, चेंडू टाकणे सरावाने येते, पण बचाव उपजतच असावा लागतो. ज्याचे पाय जड ते जडच राहणार, त्याला कोणी काय शिकवणार? निफाड मागे पडेपर्यंत बहुतेकांनी हे मत मान्य केले होते. मला बोलायला तोंडच नव्हते. पण मनात प्रश्न राहिला, की खरेच असे असते काय?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो. बास्केटबॉलवर मराठी पुस्तक हाती लागले नाही. लागले ते कुस्तीवरचे, आणि त्यातून मी खाशाबा जाधवांपर्यंत पोहोचलो. बास्केटबॉलचा शोध घ्यायला निघालेला माणूस तालमीत कसा शिरला, असे कोणी विचारील. त्याला कारण आमचे चुलते आहेत. तरुणपणी ते जत्रेतल्या कुस्त्या करत. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून पाच-पन्नास रुपयांच्या इनामापर्यंत गेले आणि मग संसाराला लागले. त्यांना मी माझे दुखणे सांगितले, तेव्हा त्यांना बचाव हा शब्दच पटला नाही. तालमीत त्याला तोड म्हणतात. वस्ताद ज्या दिवशी डाव शिकवतो, त्याच दिवशी त्याची तोडही शिकवतो. पट काढायला शिकलात की पट तोडायलाही शिकायचे. तोड येत नसेल, तर डाव अर्धाच आला असे धरतात. म्हणजे तालमीत हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. आम्ही मात्र रोज संध्याकाळी तासभर बास्केटमध्ये चेंडू टाकत होतो आणि अडवायचे कसे, याला पाच मिनिटेही देत नव्हतो.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर या गावी झाला. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या कराडजवळचे हे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. घरात पाच भावंडे आणि त्यांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवले. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. शाळेत असतानाच 1942 ची चळवळ आली. सातारा जिल्हा त्या वेळी कसा पेटला होता, हे इतिहासाच्या तासाला आपण ऐकलेच आहे. सोळा वर्षांच्या खाशाबांनी भूमिगतांना आसरा देण्याचे, त्यांची पत्रके पोहोचवण्याचे काम केले. कुस्तीबरोबर पोहणे, धावणे, मल्लखांब, वजन उचलणे यांतही त्यांना गती होती. मला यात विशेष वाटले ते मल्लखांबाचे. तिथे समोर प्रतिस्पर्धी नसतो, स्वतःचा तोल हाच प्रतिस्पर्धी असतो.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून कुस्तीला घर दिलेले गाव. अशा गावात पाच फूट पाच इंच उंचीचा, दिसायला किरकोळ मुलगा पैलवान म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरणार? महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा अंगकाठी पाहून त्यांना नकार मिळाला, असे सांगतात. ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्या किरकोळ मुलाने आपल्याहून थोराड गडी एकामागून एक पाडले. प्राचार्यांचे लक्ष त्या दिवसापासून त्यांच्यावर राहिले. याचा पुढे किती उपयोग झाला, ते येईलच.

1948 साली लंडनला ऑलिंपिक सामने होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा 52 किलोच्या, म्हणजे सर्वांत हलक्या गटात उतरले. येथून पुढचा भाग मी तीनदा वाचला.

आपली कुस्ती मातीतली. मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ केलेली असते. अंग घामाने निसटू लागले की पैलवान मूठभर माती उचलतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर, मानेवर चोळतो, म्हणजे पकड बसते. पाय अनवाणी असतात, बोटे मातीत रुतवून उभे राहता येते. जांघेला हात घालून धरता येते. वेळेचे बंधन जुन्या कुस्तीत फारसे नव्हते आणि निकाल एकच, पाठ लागली की संपले. लंडनला यातले काहीच नव्हते. खाली गादी, पायात बूट, अंगावरच्या कपड्याला हात लावायचा नाही आणि कुस्ती ठराविक मिनिटांची. त्या वेळात कोणी चीत झाला नाही, तर पंच निकाल देणार. म्हणजे मातीत जो गडी तासभर नुसता तग धरून समोरच्याला दमवू शकतो, तो गादीवर तेवढ्याच शहाणपणाने हरू शकतो! लहानपणापासून अंगात मुरलेली निम्मी तोड येथे निरुपयोगी होती. बोटे रुतवायला माती नाही आणि निसटता हात धरून ठेवायलाही माती नाही.

लंडनला जाण्याआधी रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना शिकवले. शिकवण्याचा काळ थोडा होता. तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना रोखले आणि एकंदरीत ते सहावे आले. गादीची ओळख नुकतीच झालेली असताना जगात सहावा येणे ही काही लहान गोष्ट नव्हे. दुसरा कोणी यावर आयुष्यभर समाधानी राहिला असता. सत्कार झाले असते, पंच म्हणून बोलावणी आली असती.

खाशाबा परत येऊन पुन्हा मेहनतीला लागले. पुढली चार वर्षे त्यांनी आपले वजन आणि आपली कुस्ती दोन्ही वाढवली. 57 किलोच्या वरच्या गटात गेले. त्यांचा आवडता डाव ढाक. समोरच्याची मान आणि हात काखेत आवळून, वळून त्याला जमिनीवर आणायचे, असा हा डाव. तो त्यांनी सोडला नाही. पण ढाक बसण्याआधी समोरचा आपल्या पायांवर येतो, तेव्हा उभे कसे राहायचे, हे गादीवर नव्याने शिकावे लागते. चुलत्यांनी मला अंगणात हे दाखवले. पाय फाकवून, गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन ते उभे राहिले आणि मला म्हणाले की आता ढकल. मी एकोणीस वर्षांचा, ते साठीच्या पुढचे. मला ते हलले नाहीत. मग मला सरळ उभे केले आणि एका हाताने बाजूला सारले. बास्केटबॉलमध्ये आमचे सर हेच ओरडून सांगत असतात, हे मला त्या क्षणी आठवले. खाली बस, पाय ओढू नकोस, नजर चेंडूवर नको, कंबरेवर ठेव. डोके कुठेही झुकते, खांदे हूल देतात, पण कंबर खोटे बोलत नाही.

आता बास्केटबॉल आणि कुस्ती यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ काढला, तेव्हा त्यांच्या 13 नियमांत धरणे, ढकलणे, खांदा मारणे, पाय घालणे हे सारे बंद करून टाकले होते. कुस्तीत जे सर्व चालते, ते येथे चालत नाही. पण म्हणूनच येथे अडवायला पायांशिवाय दुसरे काही उरत नाही. असो. मूळ विषयाकडे येतो.

1952 साली हेलसिंकीला जायचे होते. निवडीतही अडचणी आल्या. मद्रासच्या स्पर्धेत त्यांना कमी गुण देऊन डावलल्याची भावना होती. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली तेव्हा पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. मग पैशांचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. 1952 सालचे सात हजार! आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य असू शकतो, हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्या घरात गहाण हा शब्द कांद्याचे भाव पडले की ऐकू येतो. त्याचा उपयोग असाही होतो, हे त्यांना नवीन होते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांचे मल्ल हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशिई. हा मूळचा ज्यूदो खेळणारा. युद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आली, म्हणून कुस्तीकडे वळला होता. म्हणजे तोही एका जमिनीवरून दुसऱ्या जमिनीवर आलेला. ही लढत लांबली आणि खाशाबा फार थोडक्यात हरले. त्यानंतर विश्रांती मिळण्याआधीच त्यांना रशियाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढण्यास बोलावले. दोन लढतींत अर्धा तास मध्ये असला पाहिजे, असा नियम होता, पण तो नियम पुढे करून भांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशिईला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला 1996 साल उजाडले. कुस्तीत तर 2008 पर्यंत थांबावे लागले.

येथे माझ्या मित्राला एक गोष्ट मी प्रामाणिकपणे कबूल करतो. शिकून सर्व काही येते, असे या हकिकतीवरून ठरत नाही. दमलेल्या माणसाची तोड ढिली पडते, मग ती कितीही घोटलेली असो. शिवाय काही डावांना गादीबाहेर तोड काढावी लागते. ती खाशाबांच्या हातात नव्हती, आणि ज्यांच्या हातात होती ते जागेवर नव्हते. पण 1948 चा सहावा 1952 साली वजनदार गटात तिसरा येतो, याचा अर्थ मधल्या चार वर्षांत काहीतरी शिकला असेलच की नाही? सव्विसाव्या वर्षी शिकला. आम्ही एकोणिसाव्या वर्षी जड पायांचे म्हणून निकालात निघालो होतो.

पदक घेऊन ते परतले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. शंभरावर गाड्या होत्या, दीडशेच्या घरातला आकडा सांगतात. एरवी पाव तासाची वाट, पण त्या दिवशी गावी पोहोचायला कित्येक तास लागले. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले, तर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले. पदकापेक्षा मला ही कुस्ती मोठी वाटते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायला बरे वाटत नाही. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. 1956 च्या मेलबर्नला जाण्याची उमेद होती, पण गुडघा दुखावला आणि तो मार्ग बंद झाला. खात्यात 27 वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. 2000 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीगृहाला 2010 मध्ये त्यांचे नाव दिले गेले आणि त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन ठरला. एवढ्या वर्षांनी ही तोड निघाली.

हे सर्व वाचून झाल्यावर मी सरांना जाऊन भेटलो आणि रोजच्या सरावातली वीस मिनिटे नुसती अडवण्यासाठी मागून घेतली. एस.टी.त ठाम मत देणारा मित्र आता रोज माझ्यासमोर चेंडू घेऊन उभा राहतो. पहिल्या आठवड्यात तो दहापैकी नऊ वेळा डावीकडून निघून गेला. हे लिहिताना आकडा सहावर आला आहे. उजवीकडून मात्र तो आता जास्त जाऊ लागला आहे, आणि चुलत्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे बरे लक्षण आहे.